सुपडूभाऊंची इटली

आमच्या भडगावात क्रिकेटचा सामना बघायला जेवढी माणसं यायची, त्याहून जास्त तो ऐकायला यायची. मैदानाच्या कडेला लिंबाखाली एक टेबल, टेबलावर माइक, आणि माइकच्या मागे सुपडूभाऊ. स्पर्धा टेनिस बॉलच्या. खेळणारे आसपासच्या खेड्यांतले. कुणी ट्रॅक्टर चालवणारा, कुणी केळीच्या गाड्या भरणारा. पण सुपडूभाऊंनी एकदा का "गोलंदाज धावतोय... गिरणामाईचा वारा त्याच्या पाठीशी आहे..." असं सुरू केलं, की चेंडू स्टंपाला लागायच्या आधीच लोक उठून उभे राहायचे. गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायकाही हात थांबवून ऐकायच्या. माझी आई त्यांतलीच. तिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नसे, पण सुपडूभाऊंच्या स्वरावरून आपला संघ हरतोय की जिंकतोय ते ती अचूक सांगायची.

बुटका, रुंद छातीचा माणूस. पन्नाशी ओलांडलेली. बोलताना कायम उभा. खुर्ची दिली तर हाताने बाजूला सारायचे. "बसलं की आवाज पोटमा बसस," म्हणायचे. आधीची भावंडं जगली नव्हती म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना सुपड्यात ठेवलं होतं, त्यावरून हे नाव. कुणी नावाला हसलं की छाती पुढे काढून सांगायचे, "माले सुपडामा टाकेल व्हतं, म्हनीसन मी जगनू!"

माइकवर मात्र ते शुद्ध मराठी बोलायचे, अगदी बातम्या देणाऱ्यासारखं. ही शुद्ध मराठी उत्साह चढेपर्यंतच टिकायची. षटकार गेला की "चेंडू सीमारेषेच्या पलीकडे" एवढं प्रमाण भाषेत व्हायचं आणि पुढचं वाक्य "गया, गया, गया, पार नदीमा गया!" असं फुटायचं.

स्पर्धा वर्षातून एक-दोनदा. एरवी त्यांचं भोंगे भाड्याने देण्याचं दुकान होतं आणि गावातली सगळी जाहीर बोलणी त्यांच्याच तोंडून व्हायची. दुकानाचं उद्घाटन, पाण्याची वेळ, हरवलेली जनावरं. एकदा एका शेतकऱ्याची म्हैस हरवली, तेव्हा त्यांनी तिचं वर्णन केलं ते असं: "एक शिंग वर, एक शिंग खाली, स्वभावाने गरीब, अनोळखी माणसाकडे बघून मान वळवते." म्हैस संध्याकाळपर्यंत सापडली. ज्यांच्या दारात ती उभी होती त्यांनी सांगितलं, "तिने मान वळवली, तेव्हाच ओळखलं."

अशा या माणसाशी माझी खरी ओळख व्हायला जगावर एक साथ यावी लागली.

मी जळगावला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, राहते तिथल्याच मेहरूणला. त्या मार्चात आईला भेटायला म्हणून भडगावला आले आणि गाड्याच बंद झाल्या. गल्लीत चिटपाखरू नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि मग तो ओळखीचा गळा: "नागरिकांना कळविण्यात येते की, घराबाहेर पडू नये. पडावेच लागल्यास एकमेकांत सहा फुटांचे अंतर ठेवावे." नगरपालिकेने हे काम त्यांना दिलं होतं. रिक्षा स्वतःच चालवायचे. पण बसून बोलायचं नाही म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर रिक्षा थांबवून, खाली उतरून, उभे राहून सांगायचे.

दोन-चार दिवसांनी ते आमच्या फाटकापाशी थांबले. फाटकाच्या बरेच पलीकडे, अंतर राखून. चेहरा उतरलेला.

"ताई, तू आकडास्नी मास्तरीन ना?"

"हो, भाऊ."

"मंग माले सांग. बठ्ठा लोके इचारतस. तो भाईदास आबा तर माले वाटमा अडावस."

भाईदास आबा म्हणजे बसस्टँडसमोरच्या चहाच्या दुकानाचे मालक. साठीचे, धिप्पाड, आवाज असा की रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकाला चहा तयार झाल्याचं हाक मारून सांगायचे. दुकान बंद पडल्याने वैतागलेले. त्यांचा प्रश्न सरळ होता. इटलीत, स्पेनमध्ये लोकांना घरात कोंडलंय, सहा फुटांवर उभं केलंय, आणि टीव्हीवर तर रोज मेलेल्यांचा आकडा वाढतोच आहे. मग इथे आम्ही कशासाठी कोंडून घ्यायचं?

"आनि ताई," सुपडूभाऊ म्हणाले, "मी रोज सांगस, अंतर ठेवा, अंतर ठेवा. पन माले सोताले माहीत नही, अंतर ठेईसन काही व्हस का नही. मनमा नही ते गयामा कसं यी?"

मनात नाही ते गळ्यात कसं येईल. मी मोबाइल काढला आणि युरोपातल्या देशांचे आकडे वाचायला लागले. एकूण रुग्ण, एकूण मृत्यू. ते ऐकत होते, अस्वस्थ होऊन रिक्षाच्या टपावर बोटं वाजवत होते. मध्येच त्यांनी हात वर केला.

"थांब, थांब. तू माले रना सांगी ऱ्हायनी. रना ते वाढतीनच! एकडाव फलकवर चढेल रन कमी व्हस का? माले रनरेट सांग ना!"

मी हसले. वर्गात हाच फरक समजावताना माझा निम्मा तास जातो. मग मी त्यांना रोजची नवी भर सांगितली. काल किती, परवा किती, त्याच्या आधी किती. इटलीत ती भर काही दिवसांपूर्वी झपाट्याने वाढत होती, आता वाढायची थांबल्यासारखी दिसत होती. देश बंद करून तेव्हा दोन-तीन आठवडे झाले होते.

"म्हणजे आज लागण झालेला माणूस आज आजारी पडत नाही," मी म्हटलं. "लागण आधी, ताप नंतर, तपासणी त्याच्याही नंतर. बंद केल्याचा परिणाम लगेच दिसणार नाही, भाऊ."

"गोलंदाजी घट्ट करी तरी फलक उशिरा बदलस," ते स्वतःशीच पुटपुटले. मग त्यांचे डोळे चमकले. रिक्षाकडे धावले. पलीकडच्या कोपऱ्यावर थांबले आणि नगरपालिकेचा मजकूर संपल्यावर, कुणी सांगितलेलं नसताना, पुढे जोडलं: "आणि आता ऐका इटलीचा स्कोर!"

त्या दिवसापासून गावाला नवाच नाद लागला. सकाळी ते माझ्याकडून आकडे घ्यायचे आणि गल्लोगल्ली युरोपचा सामना सुरू व्हायचा. "स्पेनमध्ये धावगती काल होती तेवढीच! जर्मनीने क्षेत्ररक्षण आवळलंय! इंग्लंडने मैदान उशिरा बंद केलं, त्याची किंमत मोजतोय!" लोक दारात येऊन उभे राहायचे, गच्च्यांवरून वाकायचे. ऑस्ट्रियात आजार लवकर उतरू लागला, तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. सुपडूभाऊंनी नाव नीट उच्चारलं होतं, पण भाईदास आबा खिडकीतून ओरडले, "ऑस्ट्रेलिया ते भारीच टीम शे!" सुपडूभाऊंनी तिथल्या तिथे माइकवर युरोपचा भूगोल समजावून सांगितला. ऑस्ट्रियाला समुद्र नाही, कांगारू नाहीत, क्रिकेटही नाही. आबा म्हणाले, "मंग जितनं कसं?"

या सगळ्याला एकाच माणसाने हरकत घेतली, ती माझ्या आईने. एका सकाळी ती फाटकापाशी गेली आणि म्हणाली, "मानसे मरी ऱ्हायनात सुपडू, आनि तू रना काय मोजस!"

सुपडूभाऊ जागीच थांबले. माइक हातात तसाच. मग ते रिक्षा घेऊन निघून गेले. मला वाटलं, हा सामना आता संपला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर त्यांचा आवाज आला, पण आधी बराच वेळ शांतता होती. भोंगा चालू असल्याची ती बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती. मग ते म्हणाले, "जे गेले, त्यांच्यासाठी आधी उभं राहू या." आईने गच्चीवर पदर डोक्यावर घेतला. समोरच्या घरातला म्हातारा दाराची चौकट धरून उभा राहिला. ओळख ना पाळख अशा माणसांसाठी आमची गल्ली दररोज सकाळी अशी उभी राहायला लागली. त्यानंतरच स्कोर.

मग ती सोमवारची गोष्ट झाली.

इटलीचा आकडा त्या दिवशी एकदम कोसळला होता. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, दोन दिवस थांबा, तिकडे रविवारी..." पण पुढचं ऐकायला ते थांबलेच कुठे! इतके दिवस ज्याची वाट बघितली ते आलं होतं. पहिल्याच कोपऱ्यावर त्यांची शुद्ध मराठी वाहून गेली. "उतरनं! उतरनं रे भाऊ! इटली जितनी!"

गाव बाहेर आलं. खरंच बाहेर आलं. कुणी थाळी वाजवली, कुणी शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकला. भाईदास आबांनी दुकानाची फळी अर्धी उघडली आणि तिथे चहासाठी घोळका जमला. सुपडूभाऊ रिक्षाजवळ उभे राहून ते बघत होते. आधी हसत, मग हळूहळू हसू मावळत. आपल्या आवाजाने माणसं एकमेकांना चिकटली, हे त्यांना दिसत होतं.

बुधवारी आकडा पुन्हा वर गेला. रविवारी तिकडच्या कचेऱ्यांत माणसं कमी असतात, नोंदी मागे राहतात आणि पुढच्या दिवसांत त्या एकदम चढतात. मी सांगणार होते ते एवढंच होतं. ते ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. मला वाटलं, आता चार दिवस हे इटलीचं नाव काढणार नाहीत.

पण ते निघाले आणि सोमवारी ज्या कोपऱ्यांवर थांबले होते, त्याच प्रत्येक कोपऱ्यावर थांबले. पूर्ण शुद्ध मराठीत, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "मी सोमवारी आपल्याला चुकीचा निर्णय दिला. इटली अजून जिंकलेली नाही. मी घाई केली. तो निर्णय मी मागे घेतो." आणि मग माइक खाली घेता घेता, हलक्या आवाजात, पण भोंग्यातून सगळ्यांना ऐकू आलंच: "मी चुकनू."

काही जण हसले. पोरंसोरं आठवडाभर "मी चुकनू" म्हणत फिरत होती. बसस्टँडजवळ भाईदास आबा खिडकीत बसून ऐकत होते. ते हसले नाहीत. त्यांनी सोमवारी उघडलेली दुकानाची फळी लावून घेतली.

त्यानंतर सुपडूभाऊ एका दिवसाच्या आकड्याकडे बघेनासे झाले. "आठवडानी सरासरी सांग," म्हणायचे. ती सरासरी हळूहळू, पण खरोखर उतरत होती. आधी इटली, मग स्पेन, मग फ्रान्स.

आता आबांनी नवा प्रश्न काढला, आणि तो प्रश्न चांगला होता. "आकडा उतरना, मान्य. पन तो अंतर ठेईसनच उतरना कशावरून? तठे उन्हाळा लागना व्हई. आजार आपोआप उतरी ऱ्हायना व्हई."

सुपडूभाऊ तो जसाच्या तसा माझ्याकडे घेऊन आले. "विकेट पडनी, पन ती गोलंदाजनी लिधी, का फलंदाज सोताच पाय घसरीसन पडना?"

मला माझ्या विषयातला इतका नेमका प्रश्न त्या वर्षी कुणी विचारला नव्हता. आम्ही फाटकाच्या अलीकडे-पलीकडे उभे राहून बराच वेळ बोललो. मी म्हटलं, हे देश एकाच दिवशी बंद झाले नाहीत, कुणी आधी, कुणी नंतर. उन्हाने उतरलं असतं तर शेजारी शेजारी देशांत साधारण एकदमच उतरायला हवं होतं. पण बऱ्याच ठिकाणी वेग मंदावला तो त्या त्या देशाने बंद केल्यानंतर काही आठवड्यांनी. उत्तरेकडच्या एका देशाने सक्ती फारशी केली नाही. तिथे लोक बरेचसे आपणहून लांब राहिले, तरी शेजाऱ्यांपेक्षा तिथे माणसं जास्त गेली. म्हणजे अंतराचा हात दिसतो. पण हात धुणं आहे, मास्क आहे, घाबरून लोक आधीच घरात बसले असतील तेही आहे. कुणाचा वाटा किती, ते आज छातीठोक सांगता येत नाही.

"म्हंजे हो, का नही?"

"बहुतेक हो."

"बहुतेक!" ते कळवळून म्हणाले. "ताई, बहुतेक भोंगावर कसं सांगू?"

पण त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी गाव ऐकत होतं: "निर्णय तिसऱ्या पंचाकडे आहे. पण रिप्ले बघता, बळी अंतरानेच घेतलेला दिसतो. माझी खात्री पूर्ण नाही. झाली की कळवीन. तोवर अंतर ठेवा, कारण त्यात आपलं काही जात नाही." मी विद्यापीठांतले कित्येक अहवाल वाचले आहेत, खात्री पूर्ण नाही हे इतक्या मोकळेपणाने कुणी लिहिलेलं मला आठवत नाही.

आणि मग बाजाराचा दिवस आला.

आठवडेबाजार बंद होता. भाजीसाठी नगरपालिकेने शाळेचं मैदान दिलं आणि आदल्या संध्याकाळी सुपडूभाऊंनी खपून तिथे पांढऱ्या फक्कीची वर्तुळं आखली. सकाळी कुठून तरी अफवा उठली की उद्यापासून भाजीही बंद. पिशव्या घेऊन सगळं गाव फाटकावर लोटलं. वर्तुळं पायांखाली पुसली जात होती. शेजारच्या तालुक्यात पहिला रुग्ण सापडल्याची बातमी आदल्याच दिवशी आली होती. मी आईसाठी भाजी आणायला गेले होते आणि भिंतीला चिकटून उभी होते. पुढे सरकायची हिंमत होत नव्हती.

सुपडूभाऊ एका जुन्या बाकावर चढले. "उद्या भाजी मिळणार आहे! परवाही मिळणार आहे!" कुणी ऐकेना. मग त्यांनी आवाज बदलला. सामन्यातला आवाज लावला.

"पिवळी पिशवीवाले भाऊ, मिड-ऑफला या! छत्रीवाल्या अक्का, तुम्ही स्लिपमध्ये गर्दी केली, जरा पॉइंटला सरका! कर्णधार क्षेत्ररक्षण पांगवतोय..."

कुणीतरी खो खो हसलं. पिवळी पिशवी सरकली. छत्री सरकली. माणसं एकमेकांकडे बघत, हसत, मागे हटायला लागली आणि मैदानाची एक बाजू मोकळी झाली. तेवढ्यात रिक्षाची बॅटरी बसली. भोंगा मेला. सुपडूभाऊ ओरडत होते, पण मागच्यांना त्यांचे नुसते हलणारे ओठ दिसत होते. मागची गर्दी पुन्हा रेटा द्यायला लागली.

आणि फाटकाकडून एक आवाज उठला. "ऐका रे! मांघे सरका!"

भाईदास आबा होते. दोन्ही हात तोंडाशी धरून, छाती फुगवून. "सुपडू, तू सांग! मी पोचाडस!"

मग सुपडूभाऊ बाकावरून सांगत होते आणि आबा फाटकातून तेच वाक्य गर्जत होते. "लाल टोपी लाँग-ऑनले!" "लाल टोपी लाँग-ऑनले!" लाँग-ऑन कुठे असतं ते आबांना ठाऊक नव्हतं, ते दोन्ही हातांनी दिशा दाखवत होते, ती बऱ्याचदा उलटीच असायची. पण माणसं पांगली. उन्हं चढेपर्यंत सगळ्यांना भाजी मिळाली. शेवटी आबा घामाने निथळत एका अर्धवट पुसलेल्या वर्तुळात जाऊन उभे राहिले. सुपडूभाऊंनी लांबूनच हात जोडले. बसलेल्या आवाजात आबा एवढंच म्हणाले, "चुकना ते सांगस, म्हनीसन तुनं ऐकनू."

पुढे साथ आमच्याकडेही यायची ती आलीच. पुढल्या वर्षीच्या लाटेत तर फार वाईट आली. सुपडूभाऊ स्वतः जळगावच्या दवाखान्यात बरेच दिवस होते. परतले तेव्हा आवाजाला कायमची खरखर लागली होती. आम्ही राखलेल्या अंतराने आमच्या गावातली किती माणसं वाचली, असं त्यांनी मला एकदा विचारलं. मी म्हटलं, "सांगता येत नाही, भाऊ. न घडलेलं मोजणं फार अवघड असतं." त्यांनी मान हलवली. वाईट वाटल्याचं दिसलं नाही.

मागच्या हिवाळ्यात ते जळगावला आले होते, मेहरूणला आमच्याकडे जेवले, आणि मी त्यांना सोडायला बसस्टँडवर गेले. तिथे अजिंठ्याला जाणारं एक परदेशी जोडपं उभं होतं, पाठीवर मोठ्या पिशव्या, मध्यमवयाचं. जळगावला असे प्रवासी नेहमी दिसतात, कुणी वळून बघत नाही. सुपडूभाऊ मात्र सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"विच कंट्री?"

"इटली," बाई म्हणाल्या.

सुपडूभाऊंनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मग नवऱ्याचा. मग पुन्हा बाईंचा. "ताई, सांग यांना," खरखरत्या आवाजात ते म्हणाले, "आमचं अख्खं गाव तुमच्यासाठी रोज उभं राहत होतं."

मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. गल्ली, भोंगा, सकाळची शांतता. बाई ऐकत राहिल्या. त्यांचे वडील त्याच वसंतात गेले होते; शेवटच्या वेळी जवळ कुणालाही जाता आलं नव्हतं. "उभे राहत होते?" त्यांनी मला पुन्हा विचारलं. "तुमच्या गावात?" मी हो म्हटलं. त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं आणि त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, हळू आवाजात. सुपडूभाऊंचा हात त्यांनी अजून सोडला नव्हता.

इतक्यात अजिंठ्याची गाडी आत शिरली आणि फलाटावरची सगळी गर्दी दाराकडे धावली. ती दोघं गोंधळून जागच्या जागी उभी. सुपडूभाऊंनी हात सोडवून घेतला, धावत्या गाडीच्या बाजूने पळत जाऊन उघड्या खिडकीतून आपली कापडी पिशवी पहिल्या बाकावर फेकली, आणि टाचा उंचावून त्या फाटक्या आवाजात सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडले,

"दोन शिटा इटलीन्या!"